मोठ्या बॅगेची झडती

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांना सगळे चेकरच म्हणत. बसमध्ये चढले की विनातिकीट माणूस त्यांना पाठीवरूनही ओळखू यायचा. त्यांचं म्हणणं सोपं होतं: जो उगाच गोड बोलतो, तो काहीतरी लपवतो. याच न्यायाने त्यांनी आयुष्यभर शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि बायकोला पिडलं. बायको बिचारी वारली, सुटली. आता पाळी सुनेची होती.

थोरल्या बहिणीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून तिघं गाडीने तिच्याकडे निघाले होते. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी आणि मागे एकटे चेकर. मुक्काम एका रात्रीचा, पण डिकीत चढली होती कपाटावरची मोठी बॅग. ती उचलताना मुलाचं तोंड वाकडं झालेलं चेकरांनी वरून गॅलरीतून पाहिलं होतं. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं.

गेला महिनाभर सून भलतीच गोड वागत होती. एका सकाळी तिने सासऱ्यांना वॉशिंग मशीनपाशी उभं करून पांढरे कपडे आणि रंगीत कपडे वेगळे करायला शिकवलं. मग भात लावायला शिकवलं. "आपलं आपल्याला आलेलं बरं, बाबा," असंही वर म्हणाली. आता या वयात माणसाला भात शिकवतात, तो काय हॉटेल काढायला?

चेकरांनी दोन अधिक दोन केलं. ताईच्या घराच्या वाटेवर एक वृद्धाश्रम होता. त्यांच्या काळात बसचा थांबाच होता तिथे. समारंभ आटोपला की परतताना आपल्याला बॅगेसकट तिथे उतरवणार, हे त्यांनी पक्कं धरलं. आणि त्यांना घर सोडायचं नव्हतं. ती खिडकी, ती खुर्ची, खालून येणाऱ्या-जाणाऱ्यावर ठेवलेली नजर, यापलीकडे त्यांच्याकडे उरलं होतं तरी काय?

त्यांनी खडा टाकून पाहिला. "परत येताना कोण कुठे बसणार?"

मुलाने आरशात पाहिलं. "बसू की, बाबा. आत्ता कशाला त्याचं?"

"परत येताना तुम्ही पुढे बसा," सून म्हणाली. "पाय मोकळे राहतील."

पुढची सीट! घाटात हिला मागे मळमळतं, म्हणून ती सीट आजवर कुणाला मिळाली नव्हती. चेकरांच्या मनात पाल चुकचुकली.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मुलगा चहा आणायला गेला, सून तोंड धुवायला. चेकर उतरले, इकडेतिकडे पाहिलं, डिकी उघडली आणि सरळ बॅगेची चेन ओढली. आपला स्वेटर, आपले पायजमे, आपली शाल वर दिसणार अशी त्यांची खात्री होती.

वर सुनेची उशी होती. खाली तिचे उन्हाळ्याचे कपडे, थंडीचे कपडे, मध्ये तिच्या आईचा फोटो, फ्रेमसकट. चेकरांचा त्यात साधा रुमालसुद्धा नव्हता.

"म्हणजे मी नाही ना?" त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं.

"नाही, बाबा," मागून सून म्हणाली. "तुम्ही नाही. मी."

चेकरांचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, उगाच झाकण्यात अर्थ नाही. मग ती काय म्हणाली ते त्यांच्या डोक्यात शिरलं. वृद्धाश्रमात पाठवायच्या माणसाला कुणी कपडे धुवायला शिकवत नाही, हेही शिरलं.

"आत्यांचा कार्यक्रम झाला की मी तिथूनच बहिणीकडे जाणार आहे," ती म्हणाली. "तोवर कुणाला सांगायचं नाही, असं आमचं मेसेजवर ठरलंय."

"भांडलात?"

"भांडायला बोलावं लागतं. वर्ष झालं, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही."

"एका घरात?"

"तुमच्यासमोर, बाबा."

वर्षभर घरात दोघंही आपल्याशीच का बोलत होते, ते चेकरांना आता कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मुलगा चहाचे कप सांभाळत येताना दिसला, तशी त्यांनी चेन लावायला घेतली. ती अडकली. सुनेने लावून दिली.

संध्याकाळी हॉल माणसांनी भरला होता. ताई आणि भाऊजी हार घालून मधोमध बसले होते. ताईने चेकरांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मुलाला-सुनेला मागे उभं केलं.

"दोघांचं बरं चाललंय ना रे?" तिने हळूच विचारलं.

जन्मात कुणाची थाप खपवून न घेतलेले चेकर म्हणाले, "झकास."

"मागची मंडळी, जरा जवळजवळ या!" फोटोवाला ओरडला.

मागे कुणी सरकल्याचं जाणवलं नाही. पण सुनेचा हात चेकरांच्या खांद्यावर येऊन टेकला. दिवा चमकला. फोटोवाला "झालं" म्हणाला, मग पुन्हा एकदा म्हणाला. ताई उठली, भाऊजी उठले. चेकर मात्र जागचे हलले नाहीत. हलले असते तर तो हात निघाला असता.