काकू, कॅक्टस आणि माझी थाप

चाळीत राहिलेल्यांनो, तुम्हीच सांगा मला. ऑफिसात बसलेय, पण सगळं लक्ष डिलाईल रोडच्या आमच्या खोलीकडे लागलंय.

माझ्या इवल्याशा कॅक्टसला पहिल्यांदाच कळी आलीय, गुलाबी. त्याला पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. पण शेजारच्या काकू रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतात आणि उरलेलं गॅलरीतल्या माझ्या कुंडीत ओततात. दहादा सांगून झालं. "सगळ्यांना दिलं, त्या एकट्यालाच तहानलेलं कसं ठेवू गं?"

आज सकाळी बघितलं, तर बुंधा एका बाजूने मऊ लागला. डोकंच फिरलं. कुंडी उचलून आत खिडकीत ठेवली आणि काकूंना थाप मारली, "ऑफिसला घेऊन जातेय."

बसमध्ये चढल्यावर आठवलं, आमची किल्ली काकूंकडेच असते. चार वाजता नळाला पाणी आलं की आमचं पिंप त्याच भरतात. पिंप त्याच खिडकीखाली आहे.

आता साडेचार झालेत. फोन करायचा धीर होत नाहीये.

त्यांनी कुंडीत पाणी घातलं असेल, तर कॅक्टस गेला.

आणि कुंडी बघूनही नसेल घातलं, तर?