शेजारच्या बाईंचं महोगनी टेबल

आई गेल्यावर बाबा काही महिन्यांसाठी माझ्याकडे नॉटिंगहॅमला आले. नागपूरला शाळेत इतिहास शिकवलेले, उमेदीची वर्षं चळवळीत घालवलेले बाबा इथे दिवसभर एकटेच असायचे, कारण मी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर. शेजारी एक वयस्क इंग्रज विधवा बाई राहायच्या. कुंपणावरून हवापाण्याचं बोलता बोलता त्यांनी एका रविवारी आम्हाला चहाला बोलावलं.

त्यांच्या पुढच्या खोलीत महोगनीचं जेवणाचं टेबल होतं. अठराव्या शतकातलं, नवऱ्याच्या घराण्यातून आलेलं. बाबांनी त्यावरून हात फिरवलेला पाहून त्या खुलल्या. पूर्वी इकडे चांगलं फर्निचर अक्रोडाचं करत, मग जहाजांतून महोगनी यायला लागलं. त्याचा बुंधा एवढा रुंद की टेबलाची फळी एकसंध निघायची, आणि लाकूड इतकं घट्ट की बारीक कोरीव काम टिकायचं. खुर्च्यांच्या पायांना पंजे होते, पंजात गोळा धरलेला. ही कल्पना मुळात चीनची, मोती पकडलेल्या ड्रॅगनची, असं त्यांचे मिस्टर सांगायचे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या सावकाश इंग्रजीत विचारलं, "आणि ही झाडं कोणी तोडली?"

"लाकूड जमैकाहून यायचं," त्या म्हणाल्या. "गुलामांनी तोडली असणार. इतकी वर्षं मी हे टेबल पुसतेय, पण आमच्या घरात हे कोणी विचारलंच नाही."

आता काही पुन्हा बोलावणं येत नाही, असं मला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी लायब्ररीतून वेस्ट इंडीजच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि बाबांना हाक मारली. मग ते रोजचंच झालं. त्या वाचायच्या आणि बाबा मध्येच आपल्या आजोबांच्या वेठबिगारीबद्दल सांगायचे. आई गेल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर बाई घरात पडल्या. कंबरेचं हाड मोडलं आणि हॉस्पिटलमधून त्या थेट केअर होममध्ये गेल्या. घर रिकामं करायला ब्रॅकनेलहून त्यांची मुलगी आली. टेबल बाबांना द्यायचं, असं आईनं बजावलंय, ती म्हणाली. आम्ही मापं घेतली. पाय काढले तरी ती अखंड फळी आमच्या दारातल्या अरुंद पॅसेजमधून वळेना, खिडकीतूनही जाईना. मुलीनं दुकानदारांना फोन केले, पण असलं काळपट, अवजड फर्निचर आता कुणालाच नको होतं. लोकांना हलकं, पांढरं, घरी जोडायचं सामान हवं होतं. शेवटी घरं रिकामी करून देणाऱ्यांची व्हॅन आली. बाबा फुटपाथवर उभे राहून बघत होते. फळी दोरीनं बांधून गाद्यांवर आडवी टाकली, तेव्हा ते आत निघून गेले.

नागपूरला परतण्याआधी ते बाईंना भेटायला गेले. मी बरोबर होते. त्या खूप खंगल्या होत्या. बाबांचा हात धरून त्यांनी विचारलं, "टेबल बसलं का तुमच्याकडे?"

 बाबा म्हणाले, "हो. छान बसलं."



वसंतात बाई गेल्या. मी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी टेबलाचा काही पत्ता लागला का, एवढंच विचारलं. मी त्या व्हॅनवाल्यांकडे चौकशी केली होती, पण त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.