शेवटच्या कडव्यातलं नाव

काल लेकीचा घसा बसला म्हणून तिला निलगिरीच्या तेलाची वाफ दिली आणि त्या वासानं मला आत्याची आठवण झाली. माझी आत्या लोकगीतं रचायची आणि गायची. नव्वदच्या दशकात तिच्या अकरा कॅसेट निघाल्या. तिच्या नावावर जत्रेचं मैदान भरायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

तो परत येणार नाही, असं राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी एका दुपारी स्पष्ट सांगितलं. आम्ही घरी यायला रिक्षात बसलो. आत्याच्या पदराला निलगिरीचा वास होता, आणि रिक्षात तिचीच कॅसेट लागली होती.

"मावशी, बाईचा आवाज ऐका की! वाघीण हाय," रिक्षावाला म्हणाला. "आता गात न्हाय म्हणं. पैसा झाला, माज आला."

मी बोलणार, तोच आत्यानं माझा हात दाबला. तिला स्वतःच सांगायचं होतं. घर आलं तरी ती उतरेना. आमच्याकडच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, त्याची ती वाट बघत होती. नाव आलं. तिनं रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"व्हय की मावशी," तो हसला, "मलाबी लई आवडतंय हे गाणं."

आत्याही हसली. तिला गंमत वाटली असेल, असं मला तेव्हा वाटलं. पण त्यानंतर आपण कोण, ते तिनं कुणालाच सांगून बघितलं नाही.