वादळाच्या पोटातली उघाड

खरं सांगते, त्या दिवशी मी जगन्नाथावर भयंकर चिडले होते. यांना लकवा मारला तेव्हा नवस बोलले होते, हे पायावर उभे राहिले की उन्हाळी धानाचा पहिला तांदूळ पुरीला नेऊन वाहीन. हे काठी टेकत उभे राहिले. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धानही झालं. गोंदियाहून गाडीत बसलो, आणि पोचलो तर काय? चक्रीवादळ! दर्शन बंद, गाड्या बंद, धर्मशाळेची खिडकी फुटून तांदळाची पिशवी चिंब. बोलावून दारातून हाकलायची ही कुठली रीत?

"देवावर काऊन चिडून राहिलीस?" हे म्हणाले.

"मंग कोणावर चिडू? तुमच्यावर?"

दुपारी वारा एकदम थांबला. लख्ख ऊन पडलं. आम्ही धानवाले लोक. उघाड पडली की पहिला हात ओल्या दाण्याकडे जातो. यांना खाली बसवून मी गच्चीवर गेले, चादर अंथरली, तांदूळ पसरले. तेवढ्यात धर्मशाळेत स्वयंपाक करणारी म्हातारी धापा टाकत वर आली आणि उडियात काहीबाही ओरडत, मनगट धरून मला जिन्याकडे ओढू लागली. तांदूळ तिच्या पायाखाली आले. देवाचा दाणा तुडवते? माझं डोकंच फिरलं. शिव्या घातल्या, ढकललं, शेवटी तिच्या हाताला कडकडून चावले. बाईनं सोडलं नाही. आत ओढून दाराला कडी घातली, आणि थोड्याच वेळात वारा उलट्या बाजूनं आला. गच्चीवरची पत्र्याची शेड गेली, पाण्याची टाकी गेली. मी गेले असते तर या अधू माणसाला गावी कोण आणणार होतं? म्हातारीनं पदरानं रक्त पुसलं आणि यांना भात वाढला.

गावी आल्यावर शाळेत शिकवणारी भाची म्हणाली, "मावशी, वादळ थांबलंच नव्हतं. तू मधात होतीस. वारा मधात घुसाले धावते, पण गरगर फिरते ना, त्या जोरानं बाहेरच्या बाहेर फेकल्या जाते. अन् मधात वरची हवा खाली उतरते, म्हणून ढग विरते."

म्हणजे मळणीचे बैल फिरतात आणि मधली मेढ जागची हलत नाही, तसं. अगं, मग एवढं साधं आधी कोणी सांगायला नको?

लोक म्हणतात, म्हातारीच्या रूपात देव आला. मला माहीत नाही. तिची भाषा कळली नाही, आभारही धड मानता आले नाहीत. आता राग येतो तो माझाच. जन्मभर हात जोडून म्हणत आले, देवा, माझा हात धर. त्यानं धरला, तर मी चावले. आता एवढंच मागते, परत चावले तरी सोडू नको.