चुन्याचा ठिपका

पस्तीस वर्षं मी धुळ्यात शाळा शिकवली. मुलांची नखं, वह्यांची कव्हरं, फळ्याचा कोपरा, कुठंही डाग दिसला की माझा हात शिवशिवतो. निवृत्त झाले तरी खोड काही जात नाही. त्या खोडीपायी मी एका भल्या माणसाचं गॅरेज बंद पाडायला निघाले होते.

माझी जुनी गाडी पारोळा रोडला बंद पडली. इंजिनाच्या दातेरी चाकांवरचा टायमिंग बेल्ट ताणून धरणारी चकती निखळली आणि बेल्ट घसरला. नशीब, इंजिनात काही वाकलं नाही! गॅरेजवाले आबा सत्तरीचे, तोंडात कायम तंबाखू, बोलणं ठेठ अहिराणी. त्यांनी चकती आणि बेल्ट नवे आणले, जुनं सगळं उघडलं आणि चहाला गेले. मी स्टुलावर बसून इंजिन बघत होते. वरच्या दातेरी चाकाच्या एका दात्यावर पांढरा ठिपका. शी! तंबाखूच्या चुन्याचं बोट पुसलं वाटतं इथंच. पर्समधला ओला रुमाल काढला आणि पुसून टाकला.

आबा आले, बेल्ट चढवला, गाडी सुरू केली. सुरू झाली खरी, पण हुडहुडी भरल्यासारखी थडथडायला लागली. आबांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, लांब पेचकस इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावून ऐकलं. काहीच सापडेना. दोन दिवस मी रोज जाऊन बोलून यायची. "अहो आबा, आणली तेव्हा नुसती बंद होती, आता थरथरतेय. याला दुरुस्ती म्हणतात होय?" आबा बिचारे पुन्हा पेचकस कानाला लावायचे.

तिसऱ्या दिवशी ते बोनेटला टेकून उभे होते. त्यांचा मुलगा पाचोऱ्याला असतो. "आता डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतो, बंद करा ते गॅरेज," असा त्याचा वर्षभर धोशा चाललेला, हे सगळ्या रोडला माहीत.

"अक्का, पोऱ्या खरं सांगस. मना हात ग्या आते," आबा म्हणाले. "दिवाळीनंतर कुलूप."

हात गेला म्हणे! टोचून बोलायला मीच होते ना!

"बेल्ट तरी बघितलात का नीट?" मी विचारलं.

"देखा ना. कंपनीनी खूण गंजी गयी, म्हनीसन मी चुनानी खूण करेल शे. बरोबर समोरासमोर शे."

मी वाकून बघितलं. चाकावर चुन्याचा ठिपका होता, इंजिनावरच्या खुणेच्या बरोबर समोर, पण फिकट, ओढलेला. माझ्या रुमालाने एका दात्यावरून पुसला होता आणि शेजारच्या दात्यावर फासला होता. अगं बाई! आबांनी तोच खरा धरून बेल्ट एक दाता चुकवून बसवला होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण आबांचं तोंड बघवेना. मी सगळं सांगून टाकलं, रुमालासकट. आता बोलणी खायची म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

आबांनी तंबाखू थुंकला. "मंग मना हात नही चुकना?"

"नाही हो आबा. माझा चुकला."

"परत सांगा."

"माझा चुकला!"

आबा असे हसले की पलीकडचा पंक्चरवाला डोकावून गेला. त्यांनी बेल्ट सैल केला, चाक फिरवून पुन्हा जागेवर आणलं, डबीतून चुना घेतला आणि माझ्याकडे वळले. "अक्का, हातनी घडी घाला. आनि तोंडवर बोट."

पस्तीस वर्षं मुलांना सांगितलेलं मी स्टुलावर बसून निमूट केलं. बेल्ट एक दाता सरकला, चावी फिरली, आणि गाडी अशी शांत चालली की इंजिनावर ठेवलेला चहाचा पेलासुद्धा हलेना. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

आबांनी मुलाला फोन लावला. फोन नुसता इंजिनावर धरला. बराच वेळ धरला.

मग म्हणाले, "आयक. कोन म्हने मना हात ग्या?"