नकाशातून पुसलेली पाच मीटरची टेकडी

"आमचं गाव कुठंय?" बाउमाबाईंनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

२०१४ साल. ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात मीटिंग चालू होती. जर्मनीतून नेदरलँड्समध्ये जाणाऱ्या वीजकेबलचा मार्ग मी आखला होता. तो एका चिमुकल्या डच गावाच्या कडेनं जात होता. बाई तिथल्या निवृत्त शिक्षिका, हरकत घेऊन आलेल्या. मी बोट ठेवून गाव दाखवलं.

"हे सपाट आहे. आमचं गाव टेकडीवर आहे."

मला लगेच आठवलं. विमानातून लेझरनं जमिनीची उंची मोजतात. त्यातून घरं, झाडं वगळून फक्त जमीन ठेवणं हे माझं काम. त्या सपाट मुलखात मधेच एक पाच मीटरचा गोल उंचवटा दिसला होता. वर चर्च आणि दाट झाडी. सॉफ्टवेअरनं विचारलं, जमीन आहे का? झाडं-इमारतींचाच फुगवटा समजून मी 'नाही' दाबलं. मी वाईचा. पाच मीटरला आमच्याकडे कुणी चढणसुद्धा म्हणत नाही!

"बरं, मिस्टर शिंदे, हे सॉफ्टवेअरच्या फिल्टरनं आपोआप काढलं का?" आमच्या बॉस फ्राऊ लिंडेमान यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण सपाट जमीन धरून मी तिथं केबलसाठी दोन मीटर खोल चर दाखवला होता. तो टेकडीचा पायथाच कापणार होता. वरची घरं खचली असती.

"नाही. मी काढलं."

"मग उद्या जाऊन बघून या."

दुसऱ्या दिवशी बाईंबरोबर टेकडीवर उभा राहिलो. चहूकडे क्षितिजापर्यंत सपाट शेतं. मधोमध चर्च, भोवती गोल रस्ता, त्याच्या कडेला वीसेक घरं.

"ही नैसर्गिक नाही," बाई म्हणाल्या. "बांध नव्हते तेव्हा भरतीचं पाणी इथवर यायचं. माणसांनी चिखल, शेण, कचरा टाकत टाकत ही उंच केली. पिढ्यान् पिढ्या."

"हातांनी?"

"अगदी हातांनी. पाणी चढलं की गुरं घेऊन वर यायचं. त्या बाजूला उतार तुटलाय, दिसतोय? आमच्याच आजोबा-पणजोबांनी तिथली माती खत म्हणून विकली."

सह्याद्री आयता मिळालेला माणूस मी. या लोकांनी स्वतःच्या पायाखालची जमीन स्वतः रचली होती. मला तिथं चपला काढाव्याशा वाटल्या, खरंच.

मार्ग शेतांमधून वळवला. दुरुस्तीच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'टेकडी खरी आहे. माणसांनी बांधली आहे.'

"हे टेक्निकल नाही," फ्राऊ लिंडेमान म्हणाल्या. पण त्यांनी सही केली.

हजाराहून अधिक वर्षं समुद्राला ती टेकडी हलवता आली नव्हती. मला एक क्लिक पुरला होता.