एकच थाळी पुरे

माणसाने साधेपणाने राहायचं मनावर घेतलं की घरात किती अडगळ होते, हे पाहायचं असेल तर लिफ्टवाल्याच्या घरी जावं. आठवडाभर हा माणूस लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि शनिवारी एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. पूर्वी त्याच्या ड्रमभोवती झांजेसारख्या पाच पितळी थाळ्या असत. मग कधीतरी त्याने एका म्हाताऱ्या वादकाला एकाच थाळीवर अख्खा कार्यक्रम पेलताना ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून पायाने वाजवायची झांजांची जोडी आणि वर एकच थाळी. बस्स!"

बायकोला आनंद झाला. बिचारी.

एकच ठेवायची म्हटल्यावर ती अगदी मनासारखी हवी ना! पाचांतली एकही पसंत पडेना, म्हणून सहावी आली. सहावी फार चिरकी निघाली, सातवी बोथट, आठवीचा आवाज मरता मरेना. असं करत करत आता स्टँडवर एक थाळी दिमाखात उभी होती आणि पलंगावर, पलंगाखाली, कपाटात मिळून आणखी दहा. जेवायच्या थाळ्या घरात सहा होत्या.

बायको स्वयंपाकघरात शिवणयंत्रावर पडदे शिवायची. ड्रमची खोली भिंतीला लागून. कुरकुरत का होईना, तिने हे सगळं चालवून घेतलं होतं. पण आज तिचा संताप अनावर झाला होता. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, धाकटा दीर त्यांना दवाखान्यातून घेऊन येत होता आणि त्यांना टेकायला हीच खोली, हाच पलंग होता. ड्रम सकाळीच हॉटेलात गेले. दहा थाळ्या परत घ्यायला वाद्यांचा दुकानदार खाली टेम्पो लावून बसला होता. कुठली ठेवायची एवढंच ठरायचं होतं, आणि नवरा तासभर त्या पसाऱ्यात हरवल्यासारखा बसला होता.

"अहो, आई तुमची येतेय, माझी नाही! तिला काय या थाळ्यांवर झोपवू?"

"दोन मिनिटं गं. दोघींवर अडलंय."

"मघाशी चौघींवर अडलं होतं. आता काय, मतदान घेऊ?"

"मग तूच सांग बाई, कुठली ठेवू!" तो वैतागून म्हणाला.

ती तडक यंत्रापाशी जाऊन बसली. "वाजवा तिथूनच. एकेक."

पहिली वाजली. "ही नको, कपबश्या थरथरतात." दुसरी. "ही मुळीच नको. एकदा सुरू झाली की थांबत नाही, तुमच्या आत्यासारखी." पुढची वाजली तेव्हा तिला वरच्या मजल्यावर कुणी पडल्यासारखं वाटलं, तीही गेली. असं बरंच चाललं. मग एक वाजली आणि ती म्हणाली, "ही."

नवरा थाळी हातात घेऊनच स्वयंपाकघरात आला. "ही? अगं, ही जुन्या स्टँडबरोबर फुकट आलेली. हिच्यात काही दम नाही."

"नसेल."

"मग?"

"ही वाजवून उठलात की तुम्ही माणसासारखं बोलता. बाकीच्या वाजवून येता तेव्हा तोंड पाडून येता. ताटात काय वाढलंय तेही बघत नाही, डोक्यात पुढची थाळी. मी भिंतीपलीकडेच बसते ना? आज जेवायला कोण येणार, ते मला आवाजावरून कळतं."

त्याने हातातली थाळी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी? दुकानदाराला विचारलंत, गिटारवाल्याला विचारलंत, त्या हॉटेलच्या वेटरलासुद्धा विचारलंत!" बोलता बोलता तिचा आवाज भरून आला, आणि त्याचाही तिला राग आला.

"आणि ही वाजवल्यावर मी बोलतो काय गं?" त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

आता मात्र तिने कपाळावर हात मारला. एकदा त्याने लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरा-नवरीची गोष्ट सांगितली, तेव्हा ही दोघं पोट धरून हसली होती. एकदा, वडील गेले तेव्हा आपण रडलोच नाही, हे त्याने तिला सांगितलं होतं. तिला त्यातली एकेक संध्याकाळ आठवत होती, आणि या बाबाच्या गावीही नव्हतं! तेवढ्यात खालून दिराची हाक आली, "दादा, आईला आणलंय! वर घेऊ ना?"

ती फुकटची थाळी तिच्या यंत्रावर ठेवून तो आत गेला. पितळेवर पितळ घासल्याचा करकर आवाज आला. एरवी थाळीवर बोटाचा ठसा उमटला तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. प्रत्येकीला वेगळं मऊ फडकं असायचं. आता तो बाहेर आला तो दहाच्या दहा थाळ्या तशाच उघड्या, एकीवर एक रचून, छातीशी धरून.

"अहो, फडकी!" तीच ओरडली. "चरे पडतील!"

"पडू देत," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.